हुशार धाकटीकडून मंदाताईला

ताई, गेल्या आठवड्यात तुझ्या तेराव्याची पंगत बसली होती आणि मी वरण वाढत होते. मोठे काका शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "मंदा लय भोळी होती हो. डोक्यानं जराशी कमी, पन मनानं सोनं." पाहुण्यानं मान हलवली. त्याच्या पलीकडच्यानंही हलवली. मी वरणाची बादली तिथंच आपटली. काकांच्या धोतरावर वरण उडालं. "कमी नव्हती ती! कोन म्हनते कमी होती?" मी ओरडले. सगळी पंगत घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तुझ्या दारात, तुझ्या फोटोसमोर, तुझी शिकलेली धाकटी बहीण, कारंज्याच्या शाळेतली गणिताची मॅडम, वेड्यासारखी ओरडत होती.

काकांचं काही चुकलं नाही. आपण सगळे इतकी वर्षं जे बोलत आलो, तेच ते बोलले. मीही तेच बोलत होते. नवऱ्याला, सासूला, स्टाफरूममधल्या बायकांना मी तुझी ओळख कशी करून द्यायची माहीत आहे? "माझी मोठी बहीण. शिक्षण नाही जमलं तिला, पण स्वभावानं फार चांगली." यातल्या 'पण'चा मला आज इतका राग येतो की तो शब्द तोंडातून उपटून फेकावासा वाटतो.

हे सगळं तुलाच सांगायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला धीर देतील. मला धीर नको आहे.

तुला सातवीचा तो दिवस आठवत असेलच. मी पाचवीत होते. शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, सातवीच्या सरांनी सुनीताला बोलावलंय. मी गेले तर तू फळ्यासमोर उभी. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज होती, तीन चतुर्थांश अधिक दोन तृतीयांश. तुझ्या हातातल्या खडूचा घामानं लगदा झाला होता. सर म्हणाले, "हिचं नाव मंदाकिनी ठेवलं घरच्यांनी. आपण मंदाच म्हणू. नावातच सगळं आलं." वर्ग हसला. मग मला म्हणाले, "तू कर गं." मी केली. बारा छेद, नऊ आणि आठ, सतरा. सरांनी मला अख्खा नवा खडू बक्षीस दिला आणि तुला म्हणाले, "डोकं आहे का खोकं? पाहा धाकटीकडे."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. पोरगी किती छान लिहिते फळ्यावर, असं काहीतरी तुझ्या डोळ्यांत होतं. मला ते तेव्हा कळलं नाही आणि आता कळून काही उपयोग नाही.

घरी मी सगळं रंगवून सांगितलं. बाबा हसले, म्हणाले, "धाकटीनं नाव काढलं." तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. सर्वांत आधी फुगलेली भाकरी तू माझ्या ताटात टाकलीस. ताई, मला मजा आली होती. हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. तू फळ्यासमोर रडवेली उभी होतीस आणि मला मजा येत होती. त्या दिवसापासून आपल्या घरात वाटणी झाली. मी हुशार, तू कामाची. त्यानंतर माझा जेव्हा जेव्हा पहिला नंबर आला, तेव्हा कुणीतरी म्हणायचंच, "दोघी एकाच घरच्या, पन पाय बरं फरक." माझी हुशारी तुझ्याशेजारी ठेवून मोजली जायची. तू शेजारी नसतीस तर मी जेमतेम बरी विद्यार्थिनी होते, एवढंच.

दहावीला तू दोनदा गणितात गेलीस. बाकी सगळ्या विषयांत पास. मराठीत तर शाळेत दुसरी. पण घरात निकाल एवढाच सांगितला गेला, मंदा नापास. वर्षभरात किन्हीराजाच्या पुढच्या वाडीतलं स्थळ आलं आणि तू गेलीस. मला शेलूबाजारच्या शाळेत घातलं, मग कारंज्याच्या कॉलेजात. मी बीएस्सी झाले, बीएड झाले. तू अंगणवाडीत मदतनीस झालीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सतरंजी झटकायची. आपल्या दोघींनाही वाटलं की ज्याचं त्याला मिळालं.

मी तुझी अंगणवाडी एकदाच पाहायला आले. एकदाच! वीस वर्षांत. त्या दिवशी पोरांचं वजन घ्यायचं होतं. सेविकाबाई काटा लावत होत्या, तू पोरांना रांगेत उभी करत होतीस. एका पोरीला तू उचललंस, दंडाला हात लावलास आणि म्हणालीस, "बाई, हे पोट्टी आठ दिवसांपासून जेवून नाही राह्यली." सेविकाबाईंनी काट्यावर पाहिलं, म्हणाल्या, बरोबर आहे की वजन. तू ऐकलं नाहीस. दुपारी तिच्या घरी गेलीस. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात म्हातारा आजा, पोरगी पाण्यात बिस्किट बुडवून खात होती. पुढच्या महिन्यात काट्यावर ते दिसलंच असतं. तुला महिनाभर आधी हाताला कळलं.

आणि तांड्यावरच्या पोरांशी तू त्यांच्या बोलीत बोलत होतीस. फाडफाड. मी विचारलं, कुठं शिकलीस? तर म्हणालीस, "शिकाचं काय त्याच्यात? पोरं रडते कशी ते ऐकलं, मंग हासते कशी ते ऐकलं. बाकी येऊन जाते." मी हसले होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ताईला बंजारा बोली येते, गंमत आहे की नाही. गंमत! मला दोन वर्षं क्लास लावून धड इंग्रजी बोलता आलं नाही, आणि तुझी ती गंमत.

मग सेविकाबाई निवृत्त व्हायच्या झाल्या. पंचेचाळिशीला टेकलेली तू मला फोन करून म्हणालीस, "सुने, मले सेविका व्हाचं हाय. दहावीचं सर्टिफिकेट पाह्यजे. गनित शिकव मले." मला आधी हसू आलं आणि मग अभिमान वाटला. स्वतःचाच. ताईला दहावी पास करणारी मी.

सप्टेंबरपासून दर रविवारी तू किन्हीराजावरून एसटी धरायचीस आणि कारंज्याला यायचीस. पिशवीत कधी हरभऱ्याची भाजी, कधी मुगाच्या वड्या. हातात घड्याळ असायचं, आणि तरी तू स्टँडवर दुसऱ्याला विचारायचीस, "कितीक वाजले, भाऊ?" मला वाटायचं, गप्पा मारायला निमित्त. तुला काट्यांचं घड्याळ वाचताच येत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. सख्ख्या बहिणीला. गणिताच्या शिक्षिकेला.

मी तुला अठ्ठेचाळीस लिहायला सांगायचे, तू चौऱ्याऐंशी लिहायचीस. खोडून परत चौऱ्याऐंशीच. एका रविवारी शेकडेवारी तुला छान आली. पाच गणितं, पाचही बरोबर. आपण दोघींनी चहा घेतला, तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. पुढच्या रविवारी वहीचं तेच पान उघडलं तर तू अशी बघत होतीस जणू दुसऱ्या कुणाची वही आहे.

"ताई, मागच्या रविवारी आलं होतं ना तुले?"

"आलं होतं. आता नाही येऊन राह्यलं."

"असं कसं? घरी सराव नसशील केला."

"रोज केला वं. स्वयंपाक झाला की बसत होतो मी. प्रणालीले विचार."

मी तुझ्या लेकीला, प्रणालीला नाही विचारलं. मी ठरवूनच टाकलं होतं. पालकसभेत मी दरवर्षी एक वाक्य बोलते, "गणित प्रत्येकाला येतं, फक्त मेहनत पाहिजे." लोकांना ते फार आवडतं. त्याचा अर्थ असा की ज्याला येत नाही तो आळशी. मेहनतही करतो आणि तरी येत नाही, तर मग तो बिनडोक. तिसरं काही मी कधी मनात आणलंच नव्हतं.

आपलं ते भांडण त्याच दिवसांतलं. तू वही बाजूला सारलीस आणि विचारलंस, "मले एक सांग. गनित नाही येत म्हंजे डोकं नाही, हे कोनं ठरवलं?"

मी म्हटलं, "ठरवायचं काय त्यात? गणित म्हणजेच डोकं चालवणं."

"मंग मी दिवसभर काय चालवतो?"

"तो अनुभव झाला ताई. बुद्धी वेगळी."

"तुले कसं माहीत वेगळी हाय ते?"

मी चिडले. म्हटलं, "आणि सेविकेचं अर्धं काम आकड्यांचं असतं. रजिस्टर, वजनं, टक्केवारी. आता तर सगळं मोबाईलवर भरायचं."

"अर्धं ना?" तू म्हणालीस. "बाकीच्या अर्ध्याचं काय? ते ज्याले नाही येत त्याले कोनी खोकं म्हनते का?"

मी म्हटलं, "विषय बदलू नकोस. सातवं गणित सोडव." आपलं भांडण तिथंच राहिलं. तू जिंकली होतीस, ताई. मी वर्गातली घंटा वाजवावी तसं ते बंद केलं, इतकंच.

मग जानेवारीतला तो रविवार. तू दोन तास उशिरा आलीस. माझ्याकडे माझी मैत्रीण, शाळेतलीच एक मॅडम, बसली होती. तुझी बस चुकली होती. मी विचारलं, घड्याळ होतं ना हातात? तू म्हणालीस, पायलं पन चुकलं. मैत्रीण गालात हसली. मला तुझी लाज वाटली. तिला दाखवायचं म्हणून असेल, मी तुला शंभरातले पंचवीस टक्के विचारले. शंभरातले! तू घाबरून वहीत काहीतरी आकडे लिहायला लागलीस. आणि मी म्हणाले, "माझ्या पाचवीच्या मुली झोपेत सांगतील हे. तुझं डोकं आहे का खोकं?"

तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, "सर बी असंच म्हनत. अशाच पुस्तकी बोलीत." मग उठलीस, सगळ्यांचे चहाचे कप विसळलेस, पालथे घातलेस आणि गेलीस. मी थांबवलं नाही. मैत्रिणीसमोर कसं थांबवणार?

त्यानंतर तू आली नाहीस. मार्चमध्ये एकटी जाऊन परीक्षा दिलीस. मे महिन्यात फोन केलास. "गेलं वं."

"किती पडले?"

"एकोनीस." आणि तू हसलीस. पस्तीस लागत होते. मी म्हटलं, "जाऊ दे ताई, आता या वयात कशाला तो त्रास." तू म्हणालीस, "हो." सेविकेच्या जागी बारावी झालेली एक नवी सून आली. तू तिला पोरांची नावं शिकवलीस.

आता जुलैचं ऐक. आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी एक बाई बोलायला आल्या. साध्याशा, पन्नाशीच्या. त्या म्हणाल्या, काही मुलांच्या मेंदूत आकडे ठरतच नाहीत. आज आलेलं उद्या पुसून जातं. अठ्ठेचाळीसचे चौऱ्याऐंशी होतात. घड्याळ वाचता येत नाही. बाकी सगळ्यात ती मुलं तरतरीत असतात, भाषेत तर पुष्कळदा पुढं. हे जन्मापासून असतं, मोठेपणीही असतं. याचा हुशारीशी काही संबंध नाही. याला नाव आहे, तपासणी आहे, परीक्षेत सवलतसुद्धा आहे.

मी तिसऱ्या बाकावर होते. बाई एकेक खूण सांगत होत्या आणि मला फळ्यासमोर घामेजलेला तुझा हात दिसत होता. सवलतसुद्धा आहे! म्हणजे तुला सातवीत, दहावीत, मागच्या मार्चमध्ये, कधीही कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारी गणिताची शिक्षिका तुझ्या घरातच होती.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात जाऊन तुला फोन लावला. एक रिंग गेली. मी कापला.

का कापला? माझ्याकडे बरीच कारणं होती. फोनवर कसं सांगायचं, भेटून सांगू, नीट वाचून सांगू, डॉक्टरांना विचारून सांगू. सगळी खोटी. खरं कारण हे, की तुला ते सांगायचं म्हणजे माझं खोकं परत घ्यायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुझं न येणं हा जर तुझा दोष नव्हता, तर माझं येणं ही तरी माझी कमाई कशी? मला आकडे जन्मतःच धरता आले, तुला नाही. बस, एवढंच होतं. त्यावर मी एवढी मोठी झाले होते, तोऱ्यात वावरले होते. ते सोडायला मी तयार नव्हते, ताई.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांना आपण दोघी माहेरी होतो. स्वयंपाकघरात तू आंबील ढवळत होतीस, मी भाज्या चिरत होते. दोघीच. तू मध्येच माझ्याकडे पाहत म्हणालीस, "काय वं, तोंडात काय धरून बसली? बोल ना."

"काही नाही."

"हाय काहीतरी. बोलून टाक, मी काही खात नाही तुले."

"काही नाही म्हटलं ना."

तू म्हणालीस, "बरं, जवा आठवीन तवा सांग," आणि परत आंबील ढवळायला लागलीस. मी ठरवलं, दिवाळीत सांगू. दिवाळी उजाडायच्या आत चार दिवसांचा ताप आला आणि तू गेलीस. चार दिवस!

तर पंगतीत मी हे सगळं बोलले. तुझ्या नावानं भाषणच दिलं म्हण. तिला अमुक होतं, याला शास्त्रात नाव आहे, ती ढ नव्हती. वरणानं भरलेल्या हातांनी. लोक मान खाली घालून ऐकत होते. काका धोतर पुसत एवढंच म्हणाले, "आता सांगून काय फायदा, पोरी? तिले तं माहीतच नाही पडलं." मी तिथंच मटकन खाली बसले.

प्रणालीनं मला उठवलं. तुझी लेक तुझ्यासारखीच, फार बोलत नाही. आतल्या खोलीत नेलं, हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी, आईले माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"हेच. मे महिन्यातच. निकाल लागला तवा मी मोबाईलवर शोधलं. आई आकडे उलटे लिहे, ते मी लहानपनापासून पाहून राह्यली होती. एक व्हिडिओ सापडला. आईले दाखवला. तिनं तीनदा पायला. मंग लय हासली, म्हने, अवं हे तं मीच हाय! मंग रडली."

"मग मला का नाही सांगितलं?"

प्रणालीनं तांब्या खाली ठेवला. मी तिचा हात धरून हलवला. तेव्हा म्हणाली, "मी फोन लावतच होती. आईनं हातातून घेतला. म्हने, मावशीले सांगू नोको. इतके रविवार घातले तिनं माह्यावर, तिले वाटीन आपन बहिनीले मारलं. आन म्हने, ते मास्तरीन हाय, तिले आज ना उद्या कळीनच. कळलं की येईन सांगाले. तवा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करीन."

ताई, हे ऐकल्यापासून मला तुझा इतका राग आला आहे की तो कुठं ठेवावा कळत नाही. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करशील? कुणी सांगितलं होतं तुला माझं मन राखायला? तू यायचं होतंस ना कारंज्याला, पुढच्याच बसनं! माझ्या दारात उभं राहून ओरडायचं होतंस. माझ्या त्या मैत्रिणीसमोर मला विचारायचं होतंस, आता सांग खोकं कोणाचं? मी दार लावलं असतं तर दारावर लाथ मारायची होतीस. तुझा हक्क होता. चार महिने तू तो पदरात बांधून फिरलीस, आणि महालक्ष्म्यांना मला वाट करून दिलीस. "बोलून टाक, मी काही खात नाही तुले." तुला माझ्या तोंडावरून कळलं होतं की मला कळलंय. त्या पोरीच्या दंडावरून कळलं होतं तसंच. आणि मी, हुशार मी, समोर बसून भेंड्या चिरत होते.

प्रत्येक वेळी तू समजून घेतलंस. त्याचा मला राग येतो. तू समजून घेतलंस म्हणून मला कधी समजून घ्यावं लागलं नाही. फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकायच्या ऐवजी एकदा, फक्त एकदा, तू ती माझ्या तोंडावर फेकायला हवी होतीस.

मला सरांचाही राग येतो. ते म्हातारे झालेत, अजून गावात लोक त्यांच्या पाया पडतात. बाबांचा येतो, ते हसले म्हणून. त्या सगळ्या शाळेचा येतो, जिनं तुझ्या मराठीच्या मार्कांकडे कधी पाहिलं नाही. पण हे सगळे राग फिरून माझ्याच दारात येतात, आणि मी दार उघडते.

मी अजून सरळ झालेले नाही, ते सांगते. सोमवारी शाळेत गेले. सहावीच्या वर्गात वैष्णवी नावाची एक मुलगी आहे. या वर्षात मी तिला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं, मला आठवतही नाही. पाढे येत नाहीत म्हणून. जुलैत त्या बाई बोलत होत्या तेव्हा तुझ्यामागोमाग मला तीच आठवली होती. आणि तरीही ऑगस्टमध्ये मी तिला बाहेर उभं केलं. सप्टेंबरातही. ओळखलं असं मान्य केलं असतं, तर तुलाही सांगावं लागलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. धान्य बाजाराच्या मागं राहतात. वडील बाजारात पोती वाहतात, आई दारात सुपात तूर पाखडत होती. मॅडम घरी आल्या म्हणून ती घाबरली. "का केलं हिनं?" असं म्हणत तिनं पोरीकडे हातही उगारला. मी म्हटलं, तिनं काही नाही केलं, मी केलंय. मग मी तिला समजावून सांगायला लागले. या गोष्टीला नाव आहे, तपासणी करू, मी सोबत येते, शाळेत मी बोलते. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पोरगी ढ नाही?"

"नाही."

"मंग हे मले कायले सांगता? तिले सांगा."

वैष्णवी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिच्यासमोर ओट्यावर बसले. ताई, तुला सांगायला जे शब्द मी चार महिने तोंडात धरून बसले होते, ते सगळे मी त्या अकरा वर्षांच्या पोरीला सांगितले. तुझ्यात काही कमी नाही. आकडे तुझ्याजवळ थांबत नाहीत, त्यात तुझा दोष नाही. बाहेर उभं केलं ते माझं चुकलं. मी म्हटलं, माझ्या मोठ्या बहिणीचंही असंच होतं, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती.

ती लक्ष देऊन ऐकत होती. हसली नाही, रडली नाही. मग तिनं विचारलं, "मॅडम, हे तुमाले कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पावसाळ्यात. जुलैमध्ये."

"आता तं दिवाळी बी होऊन गेली."

"हो."

"मंग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

तिची आई म्हणाली, मॅडमले असं विचारते का? मी म्हटलं, विचारू द्या. ताई, हा प्रश्न तू विचारायला हवा होतास. तू विचारला नाहीस, तिनं विचारला, आणि तिच्या आवाजात तुझ्यासारखी माफी नव्हती. मला बरं वाटलं.

मी म्हटलं, "लाज वाटत होती, बाळा."

वैष्णवीनं चौकट सोडली. मग म्हणाली, "मले तं रोज वाटे."